एक्लोजाइट: खोल जाऊन परत आलेला बेसाल्ट

एक्लोजाइट या खडकाचा पॉलिश केलेला तुकडा बघितला की आधी रंगच डोळ्यात भरतो, हिरव्या चटणीत डाळिंबाचे दाणे पेरल्यासारखा, आणि उचलला की मग वजन कळतं. लाल ते गार्नेट, म्हणजे अंगठीतला तामडा, आणि हिरवं ते ऑम्फासाइट नावाचं खनिज. रासायनिक हिशोब मांडला तर हा सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा, सख्खा भाऊच निघतो, फक्त बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज इथे औषधालाही नाही. जमिनीखाली खोलवरच्या दाबाखाली ते मोडतं, त्यातलं सोडियम ऑम्फासाइटमध्ये जातं, कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियम बरंचसं गार्नेटमध्ये, आणि अणू दाटीवाटीने बसतात. लिटरभर आकाराचा बेसाल्ट साधारण ३ किलो, तेवढाच एक्लोजाइट साडेतीनपर्यंत.

नाव १८२२चं, फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रने-ज्यूस्त आऊई यांनी ऑस्ट्रियातल्या दगडावरून दिलेलं, ग्रीकमधल्या 'निवड' या अर्थाच्या शब्दावरून. त्यातून दगड कसा झाला ते काही कळत नाही.

ते कोडं सोडवायला सुरुवात करणाऱ्यांत एक नाव भारताशी जोडलेलं आहे, आणि ते फारसं कुणी घेत नाही याचं मला नवल वाटतं. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे लुईस फर्मोर, मध्य प्रांतातल्या मँगनीजवर काम केलेला माणूस, त्यांनी १९१३ मध्ये मांडलं की गार्नेट हे खडकातलं दाब मोजायचं यंत्रच आहे आणि पृथ्वीच्या कवचाच्या खाली गार्नेटवाल्या जड खडकांचा पट्टा असावा. पुढे फिनलंडचे भूवैज्ञानिक पेन्टी एस्कोला यांनी नॉर्वेतले एक्लोजाइट अभ्यासले, १९६०च्या दशकात रिंगवूड आणि ग्रीन यांनी लॅबमध्ये बेसाल्ट दाबून एक्लोजाइट करून दाखवला. प्लेट टेक्टॉनिक्स, म्हणजे पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं (प्लेट्सचं) आहे हा सिद्धांत, आल्यावर या वजनाचा अर्थ लागला, समुद्रतळाची प्लेट खाली जाताना एक्लोजाइट होते, जड होते आणि मागची प्लेट ओढत नेते.

मग १९८४. आल्प्समधल्या गार्नेटवाल्या खडकात आणि नॉर्वेच्या एक्लोजाइटमध्ये कोएसाइट सापडलं, म्हणजे क्वार्ट्झचंच, आपल्या गारगोटीचंच, दाट रूप, जे व्हायला साधारण ९० किलोमीटर खोलीचा दाब लागतो. वर येताना त्याचं परत क्वार्ट्झ होतं, ते फुगतं, आणि मायक्रोस्कोपखाली भोवतीच्या गार्नेटला चहूबाजूंनी तडे गेलेले दिसतात, काचेवर खडा बसल्यासारखे.

तसंच कोएसाइट लडाखच्या त्सो मोरिरी भागातल्या एक्लोजाइटमध्येही मिळालंय. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय प्लेटची कड आशियाखाली एवढी खोल घुसली होती, आणि आज तो दगड साडेचार हजार मीटर उंचीवरच्या तळ्याच्या परिसरात उघड्यावर पडलाय.