पातळ पटल वायुसंवेदक : इंधनांची ओळख

काच किंवा ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या) तुकड्यावर बसवलेल्या, साधारणतः १ मायक्रोमीटरहून पातळ धातू-ऑक्साइडाच्या थराचा, म्हणजे पटलाचा, विद्युत् रोध इंधनाच्या वाफेने बदलतो. त्या बदलावरून पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही जवळची इंधने ओळखण्याची पद्धत.

उगमाविषयी दोन मते आहेत. जपानमधील क्युशू विद्यापीठात सेइयामा व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये झिंक ऑक्साइडाचे पटल वायुशोधक म्हणून वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास जपानी संशोधक तागुची यांनी कथिल ऑक्साइडाच्या संवेदकासाठी पेटंट मागितले. बाजारात तागुचींचा संवेदक रुजल्याने श्रेय बहुधा त्यांना दिले जाते; पण तो भाजून घट्ट केलेला सच्छिद्र गोळा होता, पटल नव्हे. त्यामुळे या नोंदीपुरते सेइयामांचे नाव आधी घेणे योग्य. जर्मेनियम या अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर भोवतालच्या वायूचा परिणाम होतो, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ब्रॅटेन व बार्डीन यांनी १९५३ मध्येच दाखवले होते.

सुमारे २०० ते ४०० अंश से. तापमानाला हवेतील ऑक्सिजन पटलाला चिकटतो व त्यातील इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो. इंधनाची वाफ हा ऑक्सिजन खाते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध उतरतो. मात्र तो सगळ्याच इंधनांनी उतरतो. थोडे पेट्रोल आणि भरपूर डिझेल एकाच संवेदकाला सारखेच भासू शकतात. म्हणून पॅलेडियम, प्लॅटिनम यांचा अंश दिलेली वेगवेगळी पटले एकत्र लावून त्यांच्या प्रतिसादांचा आकृतिबंध पाहतात. नमुन्याचे तापमानही कायम ठेवावे लागते. डिझेलमध्ये भेसळ म्हणून मिसळलेले रॉकेल पकडणे सर्वांत अवघड, कारण दोघांच्या उकळण्याच्या तापमानांच्या पट्ट्या बऱ्याच एकमेकींवर येतात. भेसळ ओळखू यावी म्हणून रेशनच्या रॉकेलला दिलेला निळा रंगही काढता येतो, त्यामुळे रंगावर विसंबता येत नाही. रॉकेलमध्ये वंगणाचा गुण कमी, त्यामुळे भेसळीने इंजिनाचा इंधनपंप झिजतो.

कोकणात मिरकरवाडा, हर्णै यांसारख्या बंदरांवर डिझेलवर चालणाऱ्या मच्छीमार नौका मोठ्या संख्येने आहेत. येथे डिझेल तपासताना खरी अडचण दमट हवेची. पाण्याची वाफही कथिल ऑक्साइडाचा रोध उतरवते. कोरड्या प्रयोगशाळेत शून्य लावलेले यंत्र धक्क्यावर इंधन नसतानाच आकडा दाखवू लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने ऐन पावसात यंत्राची गरज कमी पडते, एवढीच सोय. ऑगस्टमध्येही हवा ओलीच असते. अशा वेळी शून्य जागेवरच लावतात आणि हवा सिलिका जेलमधून, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांमधून, ओढून घेतात. निळे दाणे गुलाबी पडले की ते बदलावे लागतात.