गोळीच्या वजनाची दारू

नळदुर्ग किल्ल्याच्या उपळी बुरुजावर चढून आलेला माणूस तिथल्या तोफेच्या तोंडात डोकावतो आणि बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : "हिच्यात दारू किती ठासत असतील?" जास्त दारू म्हणजे जास्त मारा, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. ठासणीच्या बंदुका पाहिलेली जुनी माणसंही तसंच सांगतात, की जनावर मोठं असेल तर बार जड भरायचा. या समजात अर्धंच सत्य आहे. राहिलेल्या अर्ध्यात मात्र एक फार सुंदर विज्ञान लपलेलं आहे.

नळदुर्गनं दोन्ही प्रकारच्या दारू पाहिल्या. बुरुजावरच्या हत्ती तोफेत आणि मगर तोफेत काळी दारू ठासली जायची. पुढे 13 सप्टेंबर 1948 रोजी, हैदराबादच्या पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्यानं इथला बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला. त्या सैन्याच्या .303 रायफलींच्या काडतुसांत काळी दारू नव्हती, बिनधुराची होती. काळी दारू म्हणजे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, धूर आणि काजळी होऊन जातो. नायट्रोसेल्युलोजपासून बनणारी बिनधुराची दारू फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये तयार केली. ती जवळपास सगळीच्या सगळी वायू होते.

अमेरिका-युरोपात अनेक नेमबाज आणि शिकारी काडतुसाची रिकामी पुंगळी टाकून देत नाहीत. तिला नवी टिकली, म्हणजे प्रायमर, बसवतात, मोजून दारू घालतात, वर आपल्या पसंतीची गोळी दाबतात. याला हँडलोडिंग म्हणतात. आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम 1959 खाली परवाना लागतो, त्यामुळे तो घरगुती छंद होऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण या मंडळींना रोज पडणारा प्रश्न विज्ञानाचा आहे : अमुक वजनाच्या गोळीला कोणती दारू? गोळी आणि दारू दोन्हींचं वजन ते ग्रेनमध्ये मोजतात. 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण 65 मिलिग्रॅम.

आता मुख्य गोष्ट. बंदुकीची दारू नळीत फुटत नाही, जळते. आणि जळते ती फक्त पृष्ठभागावरून, कणाच्या बाहेरून आत, थरामागून थर. उघड्यावर चमचाभर बिनधुराची दारू पेटवली तर पिवळ्या ज्वाळेनं फुर्र करून संपते, आवाजही होत नाही. तीच पुंगळीत कोंडली की वायूचा दाब वाढतो, आणि दाब वाढला की जळण्याचा वेगही वाढतो. व्हिएय यांच्याच नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो की हा वेग दाबाच्या घाताप्रमाणे बदलतो. रायफलच्या दारूसाठी तो घात एकाच्या जरा खाली असतो. दाब दुप्पट केला तर वेग जवळजवळ दुप्पट होतो. काळ्या दारूत दाबाचा परिणाम खूपच कमी असतो, म्हणून तिचे अंदाज बिनधुराच्या दारूला लावणं धोक्याचं आहे.

म्हणजे हे चक्र आहे. दारू जळते, वायू होतो, दाब वाढतो, त्यामुळे दारू आणखी वेगानं जळते. याला आवर घालणारी गोष्ट एकच : गोळी. ती पुढे सरकते, मागची जागा वाढते आणि दाब उतरू लागतो. हलकी गोळी लवकर सरकते. जड गोळी जागेवरून हलायला वेळ घेते, आणि तेवढ्या वेळात चक्राचे आणखी फेरे होतात. म्हणून हलक्या गोळीखाली बेतानं बसणारी दारू, तेवढीच आणि तीच, जड गोळीखाली नळी फाडू शकते. शिवाय जड गोळी लांब असते, पुंगळीत खोलवर बसते, आतली जागा आधीच कमी झालेली असते. दाब या दोन्ही कारणांनी वाढतो.

हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात, फार तर दीडपट वेळात उरकतं. 7.62 मिलिमीटरच्या नळीत 4000 वातावरणांचा दाब असेल तर गोळीच्या बुडावर सुमारे 1.9 टन वजनाइतका जोर पडतो. 60 सेंटिमीटरच्या नळीतून ती सेकंदाला 850 मीटर वेगानं बाहेर पडत असेल तर सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 60 हजार पटींच्या घरात जातं. दाबाचा कळस गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकलेली असतानाच येऊन जातो. पुढच्या सगळ्या प्रवासात दाब उतरतच असतो. चांगली जुळणी म्हणजे कळस नळीच्या सहनशक्तीखाली ठेवायचा आणि उतार जितका लांबवता येईल तितका लांबवायचा. काळ्या रानात रुतलेली गाडी एका हिसक्यानं काढायला गेलं तर जू मोडतं. सलग जोर लावला की निघते. जड गोळीचंही तसंच. तिला सावकाश जळणारी दारू हवी, जी उशिरापर्यंत रेटत राहील. हलक्या गोळीला लवकर जळणारी हवी, नाहीतर गोळी बाहेर गेली तरी दारू नळीच्या तोंडाशी जळतच राहते.

आणि सावकाश जळणारी दारू बनवायची कशी? मला यातलं सगळ्यात आवडणारं उत्तर रसायनात नाही, भूमितीत आहे. भरीव काडी बाहेरून जळत गेली की बारीक होत जाते, तिचा पृष्ठभाग घटतो, वायूही घटतो. जोर सुरुवातीलाच जास्त. आता त्या काडीला मधून आरपार भोक पाडा. बाहेरची त्रिज्या R, भोकाची r. जळून x जाडीचा थर गेला की बाहेरचा परीघ 2π(R − x) उरतो आणि आतला 2π(r + x) होतो. बेरीज करा : 2π(R + r). x उडून गेला! बाहेर जितकं कमी होतं तितकंच आत वाढतं, आणि पोकळ नळी संपेपर्यंत जवळजवळ एकसारखा वायू देत राहते. एकाऐवजी सात भोकं पाडली की आतले परीघ बाहेरच्यावर मात करतात आणि पृष्ठभाग चक्क वाढत जातो. भोकांची ही कल्पना अमेरिकेच्या थॉमस रॉडमन यांनी बिनधुराच्या दारूच्याही आधी, मोठ्या तोफांच्या काळ्या दारूसाठी वापरली होती. रायफलच्या बारीक कणांवर आजकाल ज्वलन मंदावणाऱ्या रसायनाचा लेप देतात. बाहेरचा थर हळू, गाभा वेगानं. गोळी पुढे निघाली की मग दारू जोर धरते.

.303 चा इतिहास याचं छान उदाहरण आहे. मार्क 6 काडतुसाची गोळी 215 ग्रेनची, गोल नाकाची, सेकंदाला सुमारे 628 मीटर वेगाची. 1910 च्या मार्क 7 ला 174 ग्रेनची टोकदार गोळी दिली, वेग झाला 744 मीटर. गणित केलं तर जड गोळीची ऊर्जा सुमारे 2750 जूल येते आणि हलकीची 3100 च्या वर. जड म्हणून जोरकस, हा हिशोब इथेच चुकतो, कारण ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. सुरुवातीच्या काडतुसांत कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूचे भरीव दोरे असायचे. मार्क 7 मध्ये कॉर्डाइट पोकळ नळ्यांचा आला. वर मांडलेलं समीकरणच त्या पुंगळीत भरलेलं होतं.

जुन्या तोफांभोवती मात्र अजून भलतंच ऐकायला मिळतं. पंचधातूची तोफ भर उन्हात तापत नाही, तिच्यात दैवी अंश आहे, असं लोक हात लावून सांगतात. टनावारी धातू तापायला वेळ लागतो, एवढंच त्यात आहे. दुपारी तीनला हात लावून बघा. यूट्यूबवर 'गुप्त मात्रा' सांगणारे तर त्याहून घातक आहेत. दारूचे कारखाने दाबमापक नळीत बार काढून तक्ते बनवतात, आणि शहाणा हँडलोडर तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो. फार कमी दारूही वाईटच, गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो.

नळीच्या आतल्या पिळाचाही संबंध आहे : लांब गोळीला जास्त गिरकी लागते. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.

उन्हाचा मुद्दा मात्र मराठवाड्यात विसरून चालणार नाही. दारू मुळात गरम असेल तर तिचं जळणं वेगानं सुरू होतं आणि दाबाचा कळस वर सरकतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतला पारा 43-44 अंशांवर जातो, बंद गाडीत तर त्याहून बराच वर. डिसेंबरच्या थंडीत अगदी काठावर बसवलेली जुळणी तिथे काठ ओलांडू शकते. म्हणूनच लष्करी काडतुसं तापवून आणि गारठवून, दोन्ही प्रकारे उडवून तपासतात, आणि दारूची नवी खेप आली की तिचं वजन पुन्हा दाब आणि वेग मोजूनच ठरवतात.