बाबागाडीची पार्श्वभूमी: ड्यूकच्या बागेपासून गोव्याच्या चढ-उतारापर्यंत

बाबागाडीचा जन्म बागेत झाला, आणि तोही एका श्रीमंताच्या. इंग्लंडमधल्या डेव्हनशरच्या ड्यूकने 1733 मध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराकडून आपल्या मुलांसाठी एक गाडी करून घेतली. बसायला शिंपल्याच्या आकाराची बैठक, आणि पुढे बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायची सोय. मुलं तिच्यात बसून वाड्याच्या आवारात फिरायची. त्या गाडीला बाजारात जायचं नव्हतं, जिने उतरायचे नव्हते, बसमध्ये चढायचं नव्हतं.

हे इतक्या मागून सांगते आहे त्याला कारण आहे. म्हापशात किंवा मडगावात दुकानदार जी गाडी आपल्यासमोर उघडून उभी करतो, तिच्या प्रत्येक भागामागे कुणाचा तरी रस्ता आणि कुठलं तरी हवामान गृहीत धरलेलं असतं. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी गाडी बघणारे आईबाप विचारतात, ‘चांगली कुठली?’ मला वाटतं, आधी विचारायला हवं की ही गाडी कुठल्या जमिनीसाठी जन्माला आली. ते कळलं की निम्मी निवड आपोआप होते.

ओढायची गाडी ढकलायची झाली ती एकोणिसाव्या शतकात. राणी व्हिक्टोरियाने 1846 मध्ये आपल्या मुलांसाठी ढकलायच्या गाड्या घेतल्या आणि मग इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांना ती हवीच झाली. चार्ल्स बर्टनने 1853 मध्ये अशा गाडीचं पेटंट घेतलं. 1877 मध्ये लीड्सला विल्यम विल्सनने सुरू केलेली सिल्व्हर क्रॉस कंपनी पुढे या धंद्यातलं मोठं नाव झाली. या गाड्या उंच चाकांच्या, कमानदार स्प्रिंगांच्या, जड. त्या ढकलायला दाई असायची, ठेवायला घरात जागा असायची, फिरवायला फरसबंद रस्ता आणि सार्वजनिक उद्यान असायचं. आज नवजात बाळासाठी जी मोठी, सपाट पाळण्यासारखी गाडी मिळते ती याच घराण्यातली. ज्याला चालता येतं, पण अर्ध्या वाटेत ‘घे’ म्हणून हात वर करतं, अशा मुलासाठी ती नाही.

मधल्या काळातली एक सुधारणा मात्र थांबून बघण्यासारखी आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने 1889 मध्ये बैठक उलट फिरवता येईल अशा गाडीचं पेटंट मिळवलं. मूल हवं तर रस्त्याकडे तोंड करून बसेल, हवं तर ढकलणाऱ्याकडे. दिसायला किरकोळ सोय. पण 2008 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या सुझन झीडिक यांनी अडीच हजारांहून जास्त पालक आणि मुलं रस्त्यात कशी वागतात याच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा दिसलं की मूल समोरासमोर असेल तर पालक त्याच्याशी बोलत असण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त असतं. बोलायला शिकण्याच्या वयात याचं मोल मोठं आहे. फिरत्या बैठकीची गाडी थोडी जड आणि महाग असते हे खरं, तरी पहिल्या वर्षासाठी तो खर्च मला रास्त वाटतो. दोन वर्षांच्या मुलाला कुत्री, म्हशी, बसगाड्या बघायच्या असतात, ते स्वतःच पुढे तोंड करून बसायचा हट्ट धरतं.

आज आपण ज्याला स्ट्रोलर म्हणतो, त्याचा खरा बाप मात्र विमानाच्या धंद्यातला. ओवेन मॅक्लेरन हे इंग्रज अभियंता आणि चाचणी वैमानिक. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं उड्डाणानंतर पंखात दुमडून जातात, त्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर मुलगी आणि नात परदेशातून भेटायला आल्या, आणि जड बाबागाडी घेऊन प्रवास करताना मुलीचे होणारे हाल त्यांनी बघितले. 1965 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1967 मध्ये गाडी बाजारात आली. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, आणि कात्रीसारखे एकमेकांवरून जाणारे दांडे. पायाने खटका दाबला की सगळी गाडी छत्रीसारखी मिटायची. वजन 6 पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. एका हातात मूल, दुसऱ्या हातात गाडी, हे त्या दिवसापासून शक्य झालं.

म्हणजे बघा, हिचा रस्ता विमानतळाचा, रेल्वे फलाटाचा, लंडनच्या सरळ पदपथाचा. ती उचलायला हलकी व्हावी म्हणून चाकं लहान ठेवली, आणि इथेच गोव्यात अडतं. ते पुढे येईलच. अमेरिकेत 1984 मध्ये फिल बेकलर या धावपटू पत्रकाराने सायकलची चाकं लावून तीनचाकी गाडी बनवली, मुलाला घेऊन पळता यावं म्हणून. ती खडबडीत वाटेवर मजेत जाते, पण मिटली तरी छोट्या कारची डिकी भरून टाकते. 2012 मध्ये फ्रान्सची योयो आली. ती इतकी लहान मिटते की विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसते. पुढे याच धर्तीच्या ‘केबिन’ गाड्यांची रांगच लागली.

आपल्याकडे या काळात मूल कडेवर होतं. गोव्याच्या भूगोलाला कडेसारखं वाहन नव्हतं: घराच्या पायऱ्या, चिऱ्याची पायवाट, शेताचा बांध, मग फेरीबोट, मग पुन्हा चढ. घरात निजायला तुळईला टांगलेला पाळणा किंवा आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी. चाकं असलेली एकच वस्तू मुलाच्या वाट्याला यायची, ती पांगुळगाडा. कुंकळ्ळीचे आणि पलीकडे सावंतवाडीचे चितारी कारागीर लाकूड कातून, त्यावर लाल-पिवळी-हिरवी लाख चढवून ही तीनचाकी गाडी बनवत आले आहेत. ती मूल स्वतः उभं राहून ढकलतं, सारवलेल्या जमिनीवर, आपल्या पायांच्या वेगाने. तिची जागा हल्ली प्लॅस्टिकच्या गोल वॉकरने घेतली आहे, ज्यात मूल बसतं आणि बोटांनी जमीन रेटत भरधाव जातं. जिन्यावरून पडून होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. बारशाला वॉकर भेट द्यायच्या विचारात असाल तर कृपया पांगुळगाडा द्या.

पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या दशकात गोव्यात परदेशी मालाला तोटा नव्हता. भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली असली तरी खाणींचा पैसा वाहत होता, आणि मुरगाव बंदरात जगभरचा माल उतरत होता. बाबागाडीला लागणारा सपाट रस्ता मात्र बोटीतून येत नाही. तो गोव्यात एका ठिकाणी बऱ्यापैकी होता, पणजीत. दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रो या गव्हर्नराने 1827 ते 1835 या काळात दलदल बुजवून सरळ रस्त्यांचं शहर आखलं, 1843 मध्ये ते रीतसर राजधानी झालं. चर्चसमोरची नगर उद्यानाची बाग, मांडवीकाठचा कांपालचा रस्ता, ही आजही राज्यातली बाबागाडीला सर्वांत सोयीची जमीन आहे. पणजीतल्याच मळा भागात किंवा आल्तिन्होच्या चढावर शिरलं की हाच अनुभव पार बदलतो.

1961 नंतर गोव्याला भारताचे आयात नियम लागू झाले आणि परदेशी चैनीच्या वस्तू आखातातून येणाऱ्यांच्या सामानातून घरी यायला लागल्या. आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावर अशी एक निळी गाडी आली होती, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकांची. अंगणातून बाहेर पडलं की लगेच चिऱ्यांची वाट. दोन चिऱ्यांच्या मधल्या फटीत पुढचं चाक नेमकं रुतायचं आणि गाडी नाकावर वाकायची. दोन-चार दिवसांत घरच्यांनी तिचं योग्य स्थान ठरवलं. दुपारी ओसरीवर बाळ तिच्यात झोपायचं, संध्याकाळी देवळात जाताना कडेवर. चिऱ्यांच्या वाटेला ती गाडी बनलेलीच नव्हती, एवढाच त्या घरचा निष्कर्ष, आणि मला तो आजही अचूक वाटतो.

भारताने आयातीवरची शेवटची संख्यात्मक बंधनं 1 एप्रिल 2001 पासून उठवली. त्यानंतर चिनी बनावटीच्या गाड्या सर्वत्र दिसू लागल्या. 2010 मध्ये पुण्यात फर्स्टक्राय सुरू झालं आणि बाळाच्या वस्तू घरबसल्या मागवायची सवय लागली. देशी कंपन्याही उतरल्या. आज पर्वरी-ताळगावच्या लिफ्ट असलेल्या इमारतींत बाबागाडी नवलाची राहिलेली नाही. घरपोच मागवण्याचा एक तोटा आहे: चाक हातात घेऊन बघता येत नाही.

आणि चाकातच सगळं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी निदान 1.8 मीटर हवी, आणि कडेच्या दगडाची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीचं चाक साधारण 15 सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे त्रिज्या साडेसात. आपल्या त्रिज्येहून उंच अडथळ्यावर चाक नुसतं ढकलून चढत नाही. मग दांड्यावर भार देऊन पुढची बाजू वर करायची, मागच्या चाकांवर तोल धरायचा आणि 12 किलोचं मूल, 7 किलोची गाडी, वर बाजाराची पिशवी उचलून टाकायची. तेसुद्धा पदपथाची उंची नियमात असेल तर. अमेरिकेत कॅलमाझू शहरात 1945 मध्ये युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी पदपथांच्या टोकांना उतार केले, आणि ते आपसूक बाबागाड्यांच्याही कामी आले. गोव्यात जानेवारी 2023 पासून भरणाऱ्या पर्पल फेस्ट या दिव्यांगांच्या महोत्सवामुळे चाकखुर्चीच्या वाटेविषयी बोलणं वाढलं आहे. तो प्रश्न सुटेल तितका लहान मुलांच्या आईबापांचाही सुटेल. दोघांनी एकत्र मागणी करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तोवर माझा हिशेब असा. घर फोंडा, डिचोली, पेडणे भागात, दारापासून कच्ची किंवा चढाची वाट, आणि घरात कार असेल, तर मोठ्या चाकांची, मागच्या चाकांना स्प्रिंग असलेली गाडी घ्या, आधी डिकीचं माप काढून. पुढची फिरती चाकं सरळ ठेवून अडकवता येतात ना ते बघा, खडीवर ती भिरभिरायला लागली की हँडल हातात राहत नाही. जाणं-येणं स्कूटर, कदंबची बस किंवा पायलटच्या (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या) मागे बसून असेल, तर गाडी नकोच. मुलाला अंगाशी बांधायची कापडी झोळी किंवा कॅरिअर घ्या, पण तोही चालताना आणि बसमध्येच. दुचाकीवर त्याचा भरवसा नाही. मोपा किंवा दाबोळीहून वरचेवर प्रवास करणाऱ्यांना हलकी, लहान मिटणारी गाडीच उपयोगी. बहुतेक विमान कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत न्यायला देतात. किनाऱ्यावर यातली कुठलीच चालत नाही. वाळूत लहान चाक रुततं, मोठं ओढून दम लागतो. तिथे कडेवरच घ्यायचं.

सुरक्षेचा इतिहास या धंद्यात अपघातांनी लिहिला आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये मॅक्लेरन कंपनीच्या अमेरिकेतल्या सुमारे 10 लाख गाड्यांसाठी परत बोलावणी निघाली, कारण उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. बिजागरीवर बसवायची आवरणं मग कंपनीने दिली. दुकानात गाडी स्वतः दोनदा उघडून-मिटून बघा, आणि ते करताना मूल दुसऱ्याच्या हातात असू द्या. पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. पायांमधला पट्टा नसेल तर झोपलेलं मूल हळूहळू खाली घसरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाठ जवळजवळ आडवी होणारी बैठक लागते. युरोपचं ईएन 1888 हे मानक पाळल्याची खूण असेल तर ब्रेक आणि तोल यांची उतारावर चाचणी झालेली असते. याच मानकात मोठ्या मुलांसाठी 22 किलोपर्यंतचा वेगळा भाग आहे. तीन वर्षांपर्यंत गाडी वापरायची असेल तर वजनाची मर्यादा वाचाच. हँडलला नारळांची पिशवी लटकवू नका, मूल उतरताक्षणी गाडी मागे उलथते.

आता हवामान. ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडं कापड टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्याने आत हवा खेळत नाही आणि उकाडा वाढतो, एप्रिल-मेमध्ये तर धोकादायक वाढतो. छत मोठं हवं, आणि त्याला मागे जाळीची खिडकी हवी. पाऊस गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पडतो. त्या चार महिन्यांत गाडी बाहेर कमी आणि कोपऱ्यात जास्त असते, तिथे कापडावर बुरशी धरते आणि लोखंडी सांध्यांना गंज. म्हणून ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि काढून धुता येणारं कापड. बहिणीची किंवा शेजाऱ्यांची वापरलेली गाडी घ्यायला काही हरकत नाही, उलट ती रीत चांगली आहे. फक्त ती उलटी करून चाकांचे आस, ब्रेकची कांडी आणि पट्ट्यांची शिवण तपासा, आणि मूल बसवायच्या आधी पिठाची दहा किलोची पिशवी तिच्यात बांधून घराजवळच्या उतारावर ब्रेक लावून बघा.