आक्रमक फळीतील खेळाडू सामन्यात बदलता येत नाहीत का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव फळीतील खेळाडू आलटून पालटून खेळतात, मात्र आक्रमक फळीतील, म्हणजे चेंडू असलेल्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पाच जणांना (मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेरचे दोन टॅकल) दुखापतीशिवाय बदलता येत नाही, असा काहींचा समज असतो. तो चुकीचा आहे. एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगने, 1950 पासून खेळाडू बदलण्याची मुभा कायमस्वरूपी अमर्याद केली आणि त्यातून या पाच जणांना वगळलेले नाही.

क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन तर पुढच्या चालीचा निरोप मैदानात पोहोचवण्यासाठी गार्ड आलटून पालटून पाठवत; पुढे पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचे प्रशिक्षक म्हणून नावारूपाला आलेले चक नोल हे त्या निरोप्या गार्डपैकीच एक होते. अलीकडे, 2015 मध्ये, न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघानेही आक्रमक फळीच्या मधल्या जागांवर, म्हणजे सेंटर आणि गार्ड यांच्यात, अशी अदलाबदल केली.

मग हे दृश्य विरळ का? कारण नियमात नसून कामाच्या स्वरूपात आहे. बचावपटू पूर्ण ताकदीने धावून जातो आणि लवकर दमतो. आक्रमक फळीला मात्र समोरून होणारा बदललेला हल्ला ओळखून, कोण कोणाला अडवणार हे काही क्षणांत, बहुधा शेजाऱ्याच्या केवळ हालचालीवरून ठरवावे लागते, आणि ही समज एकत्र खेळूनच येते. शिवाय आक्रमक संघाने खेळाडू बदलला की बचावालाही बदलासाठी वेळ द्यावा लागतो, त्यामुळे घाईने खेळण्याचा लाभ जातो. माझ्या मते, सरसकट अदलाबदल टाळणे हा बहुतेक प्रशिक्षकांचा योग्य निर्णय आहे; पण तो निर्णय आहे, बंधन नव्हे.