माय-लेकराच्या चित्रपुस्तकामागची वाट

कापूस वेचणीचे दिवस होते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात संध्याकाळी मी ओसरीवर बसले होते. दुसरीतल्या पोरीने शाळेतून आणलेलं चित्रपुस्तक मायच्या मांडीवर उघडलं. माय नुकतीच वावरातून आलेली, बोंडांच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. तिला अक्षरं येत नाहीत. पोरगी वाचायला लागण्याआधीच तिने चित्रातल्या आईच्या हातावर बोट ठेवलं. "इचे हात तं पाह्य, कितीक साफ हायेत. हे कापूस येचाले जात नसंन." मग पान उलटून ती स्वतःच गोष्ट सांगू लागली. लेकरू उपाशी आहे, आई चुलीपाशी आहे, बाप अजून यायचा आहे. छापलेल्या गोष्टीशी ती निम्मीच जुळत होती. पोरगी मध्येच अडवायची, "नाई वं माय, असं नाई लिवलं."

निरक्षर माय आणि नुकतीच अक्षरं लागलेली पोर एकाच पुस्तकावर बरोबरीने भांडू शकतात, हे चित्रपुस्तकाचं मोठेपण. ते या ओसरीवर यायला फार वर्षं गेली.

गोष्ट मात्र इथे कधीचीच होती. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं. त्यात स्वामींनी सांगितलेली काऊ-चिऊची गोष्ट आहे, कावळ्याचं घर शेणाचं आणि साळैचं मेणाचं. त्या साळैच्या जागी आज आपली चिमणी आहे. आज घरोघरी ही गोष्ट सांगतात तेव्हा दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्याला चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, तीट लावते. ऐकणारं लेकरू मायच्या मांडीवर असतं, त्याचंही न्हाणं-माखणं झालेलं असतं, म्हणून आत कशाचा उशीर चाललाय ते त्याला नेमकं कळतं. भिजलेल्या कावळ्यासाठी रडणारी मुलंही मी पाहिली आहेत, आणि त्यांचं रडू मला तितकंच खरं वाटतं.

चित्रही होतंच, पण मातीचं. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर विदर्भात भुलाबाई बसते. भुलोजी, भुलाबाई आणि मांडीवर गणपती. एवढंसं रंगवलेलं कुटुंब कोनाड्यात बसतं आणि त्याच्यापुढे पोरी सासर-माहेरची गाणी म्हणतात, डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. कोजागिरीला भुलाबाईवर ज्वारीच्या पाच धांड्यांची, म्हणजे ताटांची, छोटी झोपडी उभी राहते, तिला खोपडी म्हणतात. आई-बाप आणि मूल यांच्याकडे महिनाभर टक लावून बघायची ही सवय कुठल्याही पुस्तकाआधीची. बापाची माया दिसते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. चाकं लावलेला लाकडी बैल, त्याच्या शिंगांना बेगड, आणि तो ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागणारं पोट्टं. बैल जुना असला तर बाप आदल्या रात्री त्याला नवा रंग देतो.

कागदावरचं बालसाहित्य वेगळ्या वाटेने आलं. 1828 साली बाळमित्र हे पुस्तक, मग मासिकं: 1873मध्ये मिशनचं बालबोधमेवा, 1906मध्ये वा. गो. आपट्यांचं आनंद. लेकराला वळण लावणं हा त्यांतला मोठा हेतू, आणि चित्र मजकुराच्या मागे चालणारं. साने गुरुजींनी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली, 1935ला ती छापून आली. आई-मुलाच्या नात्यावर मराठीत त्याहून मोठं पुस्तक नाही, असंच मी मानते. पण ते वाचता येणाऱ्या मुलाचं पुस्तक आहे. चार वर्षांच्या लेकराला आणि त्याच्या निरक्षर मायला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडूनच मिळतं.

विदर्भातून याला एक उत्तर निघत होतं. 1937च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली: मातृभाषेतून, हाताच्या कामातून शिकणं. 1945मध्ये सेवाग्रामच्या परिषदेत तिचा आवाका अगदी लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत वाढला. मूल आणि त्याचे मायबाप एकाच शिकण्यात बसतात, हा विचार तिथला. 2 ऑक्टोबर 1975ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या प्रकल्पांत धारावीच्या जोडीला मेळघाटातलं धारणी होतं. अंगणवाडीत खाऊ आला, वजनकाटा आला. रंगीत पुस्तक पोचायला आणखी वेळ लागला.

1957मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, 1967मध्ये बालभारती, 1971पासून किशोर मासिक, असे टप्पे होत गेले. खरा बदल मला लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदऱ्यांच्या कामात दिसतो. शब्द आणि चित्र एकाच हातचे, उपदेश नाही, आणि घरातली माणसं जशी असतात तशी. त्यांच्या 'बाबांच्या मिशा'त लेकीला बापाच्या मिशांचं अप्रूप आहे. बापाकडे इतक्या जवळून, न भिता बघणारं पुस्तक हवंच होतं. 2004ला प्रथम बुक्स ही मुलांच्या पुस्तकांची प्रकाशन संस्था आली, स्वस्त पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळांत दोरीवर टांगलेली दिसू लागली. 2015ला त्या संस्थेने स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं आणि तिथून पुस्तक उतरवून घेऊन आपल्या बोलीत करायची मोकळीक मिळाली. वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्या मुलांच्या गुरुजींसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

तरी चित्रांतली घरं अजून बहुतेक शहरातली. त्यांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, नसतं, डोक्याला दस्ती, म्हणजे रुमाल, बांधलेली आई नसते. आणि बापाचं पान या भागात जपूनच उघडावं लागतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून इथल्या किती घरांतला कर्ता माणूस विष पिऊन गेला. त्या गावच्या शाळेतल्या मॅडम सांगत होत्या की बाबांची गोष्ट वाचताना त्या आधी वर्गातल्या दोन चेहऱ्यांकडे बघतात. त्यांनी गोष्ट टाळली नाही. त्या दोघांना पुस्तक हातात धरायला देतात, पान उलटायचं काम त्यांचं.

ते मायचं पुस्तक आठवड्याने शाळेत परत आलं. मॅडमनी मला दाखवलं. चित्रातल्या आईच्या बोटांवर पेन्सिलीने बारीक बारीक ओरखडे काढले होते. मॅडमनी खोडरबर लावला नव्हता.