पिअरी उत्तर ध्रुवावर खरंच पोचला होता का?

उत्तर ध्रुवावर सगळ्यात आधी कोण पोचलं? अमेरिकन शोधप्रवासी रॉबर्ट पिअरी, ६ एप्रिल १९०९. जनरल नॉलेजच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं हेच छापून येतंय, परीक्षेत हेच लिहायचं आणि मार्क घ्यायचे. पण ज्यांनी पिअरीचे कागद बसून चाळलेत त्यातल्या बऱ्याच लोकांना हे उत्तर पचत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. माझं मत असं की तो बऱ्यापैकी जवळ गेला असणार, पण नेमका ध्रुवावर गेला हे त्याने दाखवून दिलेलं नाही, आणि दाखवणं हे त्याचंच काम होतं.

आधी एक भानगड बाजूला काढू. ध्रुव गाठल्याची पिअरीची तार यायच्या पाचच दिवस आधी, १ सप्टेंबर १९०९ ला फ्रेडरिक कुक या दुसऱ्या अमेरिकन शोधप्रवाशाने जाहीर केलं की मी तर २१ एप्रिल १९०८ लाच ध्रुवावर जाऊन आलो. मग काय, पेपरवाल्यांनी मजा करून घेतली, एका पेपरकडे कुक तर दुसऱ्याकडे पिअरी, आणि दोघांच्या उखाळ्यापाखाळ्या पहिल्या पानावर. कुकचे कागद कोपनहेगन युनिव्हर्सिटीने तपासले आणि डिसेंबर १९०९ मध्ये सांगितलं की यात काहीच सिद्ध होत नाही. त्याचा १९०६ चा अलास्कातल्या मॅकिन्ली पर्वताच्या शिखराचा फोटोसुद्धा भलत्याच एका टेकाडाचा निघाला. कुक खोटा ठरला आणि लोकांनी धरून चालायला सुरुवात केली की म्हणजे पिअरी खरा. इथेच खरी गडबड आहे, कारण एकाचं खोटं उघडं पडलं म्हणून दुसऱ्याचं खरं होत नाही.

आता मुद्द्याचं. ध्रुवावर पोचलो हे कळतं कसं? दक्षिण ध्रुवाखाली जमीन आहे, त्यावर जाड बर्फ आहे. १९११ च्या डिसेंबरमध्ये आमुंडसेनने तिथे तंबू ठोकला, आणि महिनाभराने स्कॉटला तो तंबू दिसला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच पावती फाडली. उत्तरेला ती सोयच नाही. तिथे खाली ४ किलोमीटरहून खोल समुद्र आणि वर तरंगणारा बर्फ, जो वारा आणि प्रवाहाबरोबर सतत सरकतो. झेंडा रोवला तरी दुसऱ्या दिवशी तो झेंडा भलतीकडे. त्यामुळे जागेवर काही खूण राहतच नाही, राहतात ती फक्त कागदावरची मोजमापं.

ही मोजमापं सूर्याची. एप्रिलमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही, क्षितिजाच्या जरा वरून गोल गोल फिरतो. बरोब्बर ध्रुवावर उभे असाल तर त्याची उंची दिवसभर जवळपास तेवढीच दिसते, ६ एप्रिलला साधारण साडेसहा अंश (वसंतात तो चढत असतो म्हणून २४ तासांत अर्ध्या अंशाहून जरा कमी वर सरकतो, ते गणितात धरायचं). ध्रुवापासून ३० किलोमीटर बाजूला असाल तर तोच सूर्य दिवसभरात स्वतःच्या तबकडीएवढा वरखाली होतो. सेक्स्टंटवर, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या उपकरणावर, हे पकडता येतं. पण पकडायचं कसं ते बघा, क्षितिजावर सगळा उंचसखल बर्फ, म्हणून एका पन्हळीत पारा ओतून त्याचा आरसा करायचा, पारा उणे ३९ अंशांना गोठतो म्हणून तो आधी इग्लूत गरम करून आणायचा, मग बर्फावर कातडं अंथरून पालथं पडायचं आणि पाऱ्यातलं सूर्याचं प्रतिबिंब आणि खरा सूर्य एकमेकांना टेकवत बसायचं, डोळ्यांची वाट लागेपर्यंत. पिअरीने असंच केलं असं तो सांगतो, आणि त्याने दिलेले आकडे ध्रुवाशी जुळतातही.

मग अडचण काय? अडचण ही की ते आकडे न जाताही काढता येतात. कुठल्या दिवशी कुठल्या वेळी ध्रुवावरून सूर्य किती उंच दिसेल हे नॉटिकल अल्मनॅकवरून, म्हणजे खलाशांच्या पंचांगावरून, घरबसल्या निघतं. पिअरीने आकडे बनवले असं मी म्हणत नाहीये, पण जो पुरावा जाऊन आलेला माणूस आणि न गेलेला माणूस दोघंही सारखाच देऊ शकतात त्याला वजन किती द्यायचं? वजन असतं ते आधी कोणालाच माहीत नसलेल्या गोष्टींना. तिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती अंश ढळते, समुद्र किती खोल आहे, बर्फ कुठल्या बाजूला किती सरकतोय, हे नंतर कोणीही जाऊन ताडून बघू शकलं असतं. सुईचा ढळ त्याने मोजलाच नाही, रेखांशही वाटेत कुठेच मोजले नाहीत. खोली मोजली, १५०० फॅदम म्हणजे पावणेतीन किलोमीटर दोर सोडला आणि तळ लागला नाही. खरी खोली ४ किलोमीटरच्या वर आहे तेव्हा हे जुळतं, पण तळ न लागणं हे त्या भागात शेकडो किलोमीटरवर जुळलं असतं.

यात सगळ्यात बोलका माणूस म्हणजे बॉब बार्टलेट, पिअरीच्या रूझवेल्ट जहाजाचा कप्तान. बर्फावरची वाट जिथून सुरू झाली त्या केप कोलंबियापासून ध्रुव ७६५ किलोमीटर, आणि पिअरी टप्प्याटप्प्याने मदतीच्या तुकड्या परत पाठवत गेला. १ एप्रिलला बार्टलेटची पाळी. त्याला निदान ८८ अक्षांश गाठायची हौस होती म्हणून तो सकाळी उठून मुद्दाम पाचसहा मैल उत्तरेला चालून आला, परत येऊन मोजमाप केलं तर तो मुक्काम निघाला ८७ अंश ४७ मिनिटांवर. मधल्या काळात खालचा बर्फच दक्षिणेला सरकला होता. म्हणजे चाललेलं अंतर आणि कापलेलं अंतर या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पिअरीच्याच मोहिमेत त्याच सकाळी दिसलं होतं. आणि नेमक्या याच जागेवरून, ध्रुव अजून २४६ किलोमीटर लांब असताना, पिअरीने बार्टलेटला घरी धाडलं. पुढे गेला तो मॅथ्यू हेन्सन आणि चार इनुइट सोबत घेऊन, ऊटा, एगिंगवा, सीग्लू आणि ऊकिया. बर्फावर वावरण्यात ही माणसं पिअरीच्या कितीतरी पुढे होती, हेन्सन तर वीसेक वर्षं त्याच्याबरोबर, पण सेक्स्टंटचे आकडे तपासून हो किंवा नाही म्हणेल असं पिअरीशिवाय कोणी उरलं नाही. इतक्या वर्षांच्या खटपटीचा मान मला दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता हे पिअरीने नंतर कबूलच केलं. माणूस म्हणून समजू शकतो, पण पुराव्याच्या दृष्टीने हा निर्णय महागात पडला.

आणि बार्टलेट परत फिरल्याफिरल्या वेग वाढतो! तो बरोबर असताना शेवटचे पाच टप्पे सरासरी २७ किलोमीटरच्या आत, तो गेल्यावरचे पाच टप्पे जवळजवळ ४९ किलोमीटरचे, तेही नकाशावरच्या सरळ रेषेत, बर्फाच्या उंचवट्यांना घातलेले वळसे वेगळेच. ७ एप्रिलला ध्रुवावरून निघाल्यावर तर तेवढंच अंतर अडीच दिवसांत. ५२ वर्षांचा माणूस, पायाची बहुतेक बोटं आधीच्या मोहिमेत गोठून गेलेली, बराच वेळ स्लेजवर बसून. त्याची बाजू घेणारे म्हणतात की निवडक कुत्री होती, ओझं कमी झालं होतं, पुढचा बर्फ सपाट होता आणि परतताना वाट पडलेली आणि इग्लू बांधलेले होते, आणि यातलं सगळंच काही उडवून लावण्यासारखं नाही. २००५ मध्ये टॉम एव्हरीच्या टीमने तशाच लाकडी स्लेज आणि कुत्री घेऊन ३७ दिवसांच्या आत ध्रुव गाठला, तेव्हा एकूण वेळ अशक्य नाही हे मान्य करायला हवं. पण पिअरीने शेवटच्या पाच दिवसांत सांगितलेलं अंतर त्यांना कुठल्याच पाच दिवसांत जमलं नाही, आणि परत त्यांना विमानाने आणलं.

डायरी हा अजून एक त्रासदायक प्रकार. कव्हरवर लिहिलंय की रूझवेल्टपासून अमुकपर्यंत आणि परत, आणि त्या अमुकची जागा कोरी. ध्रुव मिळाला हा जो आनंदाचा प्रसिद्ध मजकूर आहे तो डायरीच्या पानावर नाही, वेगळ्या सुट्या कागदावर आहे, आत ठेवलेला. १९११ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे ही डायरी आली तेव्हा ती इतकी स्वच्छ कशी असाही प्रश्न निघाला, कारण महिनोन्महिने पेमिकन, म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी, हाताने खायचं आणि धुवायला पाणी नाही. डायरीचा हा मुद्दा मी फार ताणणार नाही, कोरी जागा किंवा सुटा कागद याने खोटेपणा सिद्ध होत नाही, फक्त पाणी मुरतंय असं वाटतं.

त्याच चौकशीत हेही निघालं की ज्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीने पिअरीचा दावा मान्य केला तिच्या लोकांनी त्याची उपकरणं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर ट्रंक उघडून बघितली होती. बरं, सोसायटीने मोहिमेला पैसेही दिलेले. म्हणजे परीक्षक घरचेच.

पण याच सोसायटीने १९८० च्या दशकात वॉली हर्बर्ट या ब्रिटिश ध्रुवप्रवाशाला सगळे कागद बघायला दिले हेही सांगायला हवं. १९८८ मध्ये त्याने लिहिलं की पिअरी बहुतेक हुकला, रेखांश न मोजल्यामुळे बर्फाबरोबर बाजूला सरकत गेला आणि ते त्याला कळलं नाही. हे सोसायटीच्याच मासिकात छापून आलं, मग आरडाओरडा झाला, आणि सोसायटीने नेव्हिगेशन फाउंडेशन या मार्ग-मोजणीतल्या जाणकारांच्या संस्थेकडून वेगळा अभ्यास करवून घेतला. त्यांनी फोटोतल्या सावल्यांवरून सूर्याची उंची काढली आणि पिअरी ध्रुवाच्या अगदी जवळ होता असं सांगितलं. कल्पना भारी आहे, पण फोटो नेमका कधी काढला त्याची पक्की वेळ हवी, क्षितिज नीट दिसायला हवं, आणि उंचीत एका अंशाची चूक म्हणजे थेट १११ किलोमीटर. उंचसखल बर्फावरच्या त्या जुन्या फोटोंतून इतकी बारीक मापं निघतील यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

मग पहिलं कोण? कोणी वाद घालत नाही असं पहिलं नाव नॉर्ज या हवाई जहाजाचं, १२ मे १९२६, आत आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले. तीनच दिवस आधी रिचर्ड बर्डने विमानाने जाऊन आल्याचं सांगितलं होतं, पुढे त्याच्या डायरीत खोडलेले आकडे सापडले, तो वेगळा तमाशा. दोघंही उडाले ते नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंदहून, जिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे. बर्फावरून जाणाऱ्यांत निर्विवाद पहिला राल्फ प्लेस्टेड, एप्रिल १९६८, स्नोमोबाइलवर, आणि वरून अमेरिकन हवाई दलाच्या विमानाने जागा तपासली. कुत्र्यांच्या स्लेजने मग हर्बर्ट, ६ एप्रिल १९६९, पिअरीच्या तारखेला बरोब्बर ६० वर्षं. त्यालाही आधी वाटलं होतं पोचलो म्हणून, तसा संदेशही पाठवून झाला होता, मग पुन्हा मोजलं तर ध्रुव अजून काही मैल लांब, आणि थकलेली माणसं कुत्री जुंपून पुन्हा ध्रुवाकडे निघाली.