कांद्याच्या निर्यातबंदीत गडप झालेले ३०० रुपये

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. बाजारात तेव्हा लाल कांदा येत होता. उन्हाळी कांदा साठवणीच्या चाळीत चार-सहा महिने टिकतो. लाल कांद्यात तेवढा दम नसतो. वेळेत विकला नाही तर मोड येतात. ट्रॅक्टर भरून लासलगावला आलेला माणूस भाव पडला म्हणून माल परत नेऊन ठेवणार कुठे?

खुला व्यापार की संरक्षण, हा वाद आपण बहुधा आयातीवरून ऐकतो: परदेशी माल अडवा, देशी कारखाना वाचवा. तिथे संरक्षण उत्पादकाला मिळतं आणि जादा पैसे गिऱ्हाईक मोजतं. कांद्यात नेमकं उलटं झालं.

साधा हिशेब मांडू, आकडे समजुतीपुरते. शेतकऱ्याकडे १०० किलो कांदा आहे. निर्यात चालू असताना भाव ३० रुपये. ६० किलो देशात खपतो, ४० किलो बाहेर जातो. बंदी आली की तो ४० किलोही इथेच खपवायचा, म्हणून भाव १५ वर येतो. शेतकऱ्याचे १५०० रुपये गेले. गिऱ्हाइकांना काय मिळालं? आधीच्या ६० किलोवर ९०० रुपये वाचले. बाकीचा ४० किलो ज्यांनी घेतला, त्यांना तो ३० रुपयांना परवडत नव्हता. कोणाची तयारी २८ ची, कोणाची १७ ची. त्यांचा फायदा किलोमागे सरासरी साडेसात, म्हणजे ३०० रुपये. एकूण १२००. राहिलेले ३०० रुपये कोणाच्याच हाती लागले नाहीत.

व्यापाराने दोन्ही देशांचा मिळून लाभ होतो, हे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली दाखवलं. तो लाभ घराघरांत कसा वाटला जातो, हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही, आणि संरक्षणवाल्यांचं म्हणणं तिथे वजनदार ठरतं. कांदा महागला की रोजंदारीवरच्या घरात पहिली काटछाट भाजीत होते. ही अडचण खरी आहे. पण तिचा भार सगळ्यांच्या करातून उचलावा, एकट्या कांदा उत्पादकाच्या माथी मारू नये, असं मला ठामपणे वाटतं. २०२३ मध्येच सरकारने आपल्या साठ्यातला कांदा २५ रुपये किलोने विकलाही होता.

४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर निर्यात दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. त्याआधी २०१९ आणि २०२० मध्येही अशीच बंदी आली होती. २०१९ ला आपलं मोठं गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान आणि पाकिस्तानातून कांदा मागवला. ते रस्ते त्याला तेव्हाच माहीत झाले.